यूएसबी वायफाय अडॅप्टर दिसतो, पण चालू करताना 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येते

ओलावा

नमस्कार. जमिनीतील ओलावा दर पाच मिनिटांनी मोजून तो मुख्य संगणकाकडे पाठवणारे एक छोटे उपकरण मी बनवत आहे. त्यासाठी घेतलेल्या बोर्डवर एका कोअरचा एआरएम प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी आणि एकच यूएसबी पोर्ट आहे, वायफाय नाही. लिनक्स प्रणाली मी बिल्डरूट हे छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधण्याचे साधन वापरून स्वतः बांधली आहे. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ५.१५ आहे आणि बाकीची साधने बिझीबॉक्स या छोट्या कमांडांच्या संचातली आहेत.

पोर्टमध्ये बोटाच्या पेराएवढा एक वायफाय अडॅप्टर लावला आहे. त्याच्या डब्यावर फक्त १५० एमबीपीएस एवढेच छापलेले आहे. अडॅप्टर लावल्यावर डब्ल्यूलॅन० हा इंटरफेस यादीत येतो, म्हणून ड्रायव्हर मिळाला असावा असे मी समजलो. परंतु 'आयपी लिंक' कमांडने तो चालू करायला गेलो की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा संदेश येतो. इंटरफेस डोळ्यांसमोर असताना नेमकी कोणती फाइल सापडत नाही, हे मला दोन दिवसांत उमगलेले नाही. मी कर्नल तीन वेळा नव्याने बांधला आणि वायफायचे दिसतील तेवढे सगळे पर्याय निवडून पाहिले, तरी संदेश तोच आहे.

कर्नलवाचक

कर्नल पुन्हा बांधण्याआधी दोन गोष्टी येथे द्याव्यात. एक म्हणजे यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबी कमांडचे उत्तर. बिझीबॉक्समधली ही कमांड उत्पादनाचे नाव दाखवेलच असे नाही, पण क्रमांकांची जोडी दाखवते, आणि आपल्याला तीच हवी आहे. दुसरी म्हणजे डीमेसेजमधील, म्हणजे कर्नलने स्वतः लिहिलेल्या, नोंदी, आणि त्या दोन टप्प्यांत हव्यात: अडॅप्टर लावल्याच्या क्षणापासूनच्या वेगळ्या आणि इंटरफेस चालू करण्याच्या प्रयत्नानंतरच्या वेगळ्या. अडॅप्टर कोणत्या नावाने विकला गेला याला येथे काही महत्त्व नाही. एकाच नावाच्या आणि एकाच दिसण्याच्या अडॅप्टरमध्ये कधी एक चिप असते तर कधी दुसरी, आणि लिनक्सचा संबंध फक्त चिपशी येतो.

ओलावा

क्रमांक १४८एफ:५३७० असा आहे. अडॅप्टर लावल्यावरच्या नोंदींत 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' आणि आरटी२८००यूएसबी या मॉड्यूलचे (कर्नलमध्ये वेगळ्याने चढवता येणाऱ्या भागाचे) नाव दिसते; त्यात चूक म्हणावी असे काही नाही. इंटरफेस चालू करण्याचा प्रयत्न केल्यावर मात्र 'आरटी२८७० डॉट बिन' या नावाची एक ओळ येते आणि तिच्या शेवटी 'एरर उणे २' असे लिहिलेले आहे. ही ओळ मी आधी पाहिली नव्हती, कारण मी फक्त अडॅप्टर लावल्यानंतरच्याच नोंदी वाचत होतो.

कर्नलवाचक

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत आहे. १४८एफ हा रॅलिंक या चिप-उत्पादकाचा क्रमांक आहे आणि ५३७० म्हणजे आरटी५३७० ही चिप. तिचा ड्रायव्हर आरटी२८००यूएसबी आहे. तो कर्नलमध्येच असतो आणि तुमच्याकडे तो नीट चढलेला आहे. परंतु चिपच्या आत एक लहान प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारे फर्मवेअर अडॅप्टरमध्ये साठवलेले नसते. ते 'लिब' फोल्डरातील 'फर्मवेअर' या उपफोल्डरातून वाचून प्रत्येक वेळी यूएसबीवरून चिपमध्ये ओतावे लागते. उणे २ या क्रमांकाचा अर्थच 'फाइल सापडली नाही' असा आहे. कर्नलने तो जसाच्या तसा आयपी कमांडकडे पोचवला आणि तिने त्याचे इंग्रजी वाक्य करून तुमच्यासमोर ठेवले. म्हणजे संदेश खरा होता, फक्त फाइलचे नाव त्यात नव्हते.

इंटरफेस दिसत असल्याने तुमची जी दिशाभूल झाली, तिचे कारण या ड्रायव्हरच्या रचनेत आहे. तो फर्मवेअर अडॅप्टर लावताना मागत नाही, इंटरफेस चालू करताना मागतो. एमटी७६०१यू किंवा एआर९२७१ या चिपचे ड्रायव्हर फर्मवेअर सुरुवातीलाच मागतात, म्हणून तेथे फाइल नसेल तर इंटरफेस मुळी तयारच होत नाही. कारण एकच असूनही लक्षणे दोन प्रकारची दिसतात. 'मला इंटरफेस दिसत नाही' आणि 'मला दिसतो पण चालू होत नाही' असे दोन वेगळे धागे निघतात आणि दोघांनाही शेवटी तीच एक फाइल लागते.

बिल्डरूटमध्ये लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज निवडा आणि त्याच्या वायफाय विभागात रॅलिंक आरटी२एक्सएक्स हा पर्याय निवडा. सगळेच फर्मवेअर निवडू नका. तो संग्रह अवाढव्य आहे आणि तुमच्या साठवणीत तो मावणार नाही. आत्ता लगेच तपासून पाहायचे असेल तर दुसऱ्या लिनक्स संगणकावरून ती एक फाइल उचलून योग्य जागी ठेवली तरी चालेल.

शेवटचाबिट

याला जोडून एक सांगतो, कारण माझे तीन आठवडे यात गेले होते. फाइल जागेवर असूनही उणे २ येऊ शकतो. माझा अडॅप्टर एमटी७६०१यूचा होता आणि मी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न ठेवता थेट कर्नलमध्ये बांधला होता. कर्नल सुरू होताच ड्रायव्हरने फर्मवेअर मागितले, पण तेव्हा मूळ फाइल-प्रणाली जोडलीच गेलेली नव्हती. फाइल कार्डावर होती, पण तिथवर पोचायचा रस्ता अजून तयार झाला नव्हता. नंतर मी लॉगिन करून पाहत असे तेव्हा फाइल अर्थातच दिसे आणि मी आणखी गोंधळत असे.

त्यावर दोन उपाय आहेत. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवावा, म्हणजे तो फाइल-प्रणाली जोडल्यानंतर चढतो. किंवा 'एक्स्ट्रा फर्मवेअर' हा कर्नलचा पर्याय वापरून फर्मवेअरही कर्नलमध्येच बांधावे. मी पहिला उपाय केला. त्यात आणखी एक सोय आहे: अडॅप्टर अडकला तर मॉड्यूल काढून पुन्हा चढवता येते, बोर्ड बंद करावा लागत नाही.

ओलावा

दोघांचेही मनापासून आभार. फाइल ठेवताच इंटरफेस चालू झाला. आयडब्ल्यू कमांडने शोध घेतल्यावर आसपासची सहा नेटवर्क दिसली आणि त्यांत माझेही होते.

आता पुढची अडचण आली आहे. डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन वायफायशी जोडणी करणारे साधन) चालवले की जोडणी सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांत अडॅप्टरच नाहीसा होतो. नोंदींत 'व्हेंडर रिक्वेस्ट फेल्ड' आणि 'एरर उणे ७१' अशा पाच-सहा ओळी, मग 'यूएसबी डिस्कनेक्ट', आणि लगेच तोच अडॅप्टर नव्या क्रमांकाने पुन्हा सापडतो. हा क्रमांक आता १४ झाला आहे. पासवर्ड मी चार वेळा तपासला.

फुकटचासल्ला

कर्नलमधला ड्रायव्हर जुना असेल. चिप बनवणाऱ्याच्या ड्रायव्हरचा मूळ कोड घेऊन बोर्डवरच बांधावा. मी दुसऱ्या एका अडॅप्टरसाठी तसेच केले होते आणि ते चालले.

कर्नलवाचक

मी याच्याशी सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला अशा प्रत्येक चर्चेत येतो. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, तिच्यासाठी बाहेरचा कोड आणण्यावाचून गत्यंतर नसते. फुकटचासल्ला, तुमच्या त्या दुसऱ्या अडॅप्टरचे तसे असू शकेल. परंतु बाहेरून आणलेले मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले, त्याच कर्नलवर चढते. आवृत्तीत किंवा बांधणीच्या महत्त्वाच्या पर्यायांत थोडा जरी फरक असला तरी 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' असे म्हणून कर्नल ते नाकारतो. कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधायचे, आणि कर्नलची अंतर्गत रचना बदललेली असेल तर मूळ कोडही दुरुस्त करत बसायचे. शेतात पेटीत बंद करून ठेवण्याच्या उपकरणावर हे ओझे पत्करू नये. शिवाय बिल्डरूटच्या प्रणालीत बोर्डवर कंपायलर नसतोच, त्यामुळे बांधणी दुसऱ्या संगणकावर क्रॉस-कंपायलरनेच, म्हणजे बोर्डच्या प्रोसेसरसाठी कोड तयार करणाऱ्या साधनाने, करावी लागेल.

आणि मुख्य म्हणजे येथे ड्रायव्हरचा दोष दिसत नाही. उणे ७१ हा यूएसबीच्या पातळीवरचा, म्हणजे तारेवरच्या संभाषणातला बिघाड आहे: बोर्डने विचारले आणि अडॅप्टरकडून धड उत्तर आले नाही. पासवर्ड चुकला असता तर सप्लिकंटने तसे सांगितले असते आणि अडॅप्टर जागच्या जागी राहिला असता. शोध घेताना अडॅप्टर बहुतांश वेळ ऐकत असतो, जोडणी करताना मात्र त्याला वारंवार बोलावे लागते, आणि रेडिओला ऐकण्यापेक्षा बोलण्यासाठी जास्त विद्युतप्रवाह लागतो. ओलावा, बोर्डला वीज कोठून देत आहात?

ओलावा

लॅपटॉपच्या यूएसबी २.० पोर्टमधून, साधारण दीड मीटर लांबीच्या केबलने.

तांबेतार

मग यापुढे कर्नलकडे पाहण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा.

यूएसबी २.० च्या मानकाप्रमाणे एका पोर्टने उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देणे अपेक्षित आहे. तुमचा बोर्ड त्यातले बरेचसे स्वतःच घेत असणार. अडॅप्टर स्वतःसाठी किती मागतो हे त्याच्या 'बीमॅक्सपॉवर' या नोंदीत वाचता येते. 'सिस' फोल्डरातील यूएसबी उपकरणांच्या यादीत प्रत्येक उपकरणाखाली ही फाइल असते. ती वाचून येथे सांगा.

दुसरे गणित तारेचे आहे आणि ते फार थोडे लोक करतात. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारा पुष्कळदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणून दीड मीटरच्या केबलमध्ये तीन मीटर तार धरावी, म्हणजे रोध सुमारे ०.६४ ओहम झाला. त्यातून ०.७ अँपिअर वाहिला की ०.४५ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. लॅपटॉपने पूर्ण ५ व्होल्ट दिले तरी बोर्डपाशी ४.५५ उरतात, आणि अडॅप्टरपर्यंत पोचताना आणखी कमी होतात. २४ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम, म्हणजे याच्या अर्ध्याहूनही कमी आहे. डोळ्यांना दोन्ही केबल सारख्याच दिसतात.

मोजताना अडॅप्टरच्याच पोर्टवर मोजा, आणि जोडणीचा प्रयत्न चालू असताना मोजा. अडॅप्टर निवांत असताना मोजलेला आकडा फसवा असतो.

ओलावा

बीमॅक्सपॉवर ४५० मिलिअँपिअर आहे. पोर्टवर निवांत असताना ४.८१ व्होल्ट, जोडणीच्या वेळी ४.४ च्या खाली, आणि त्यानंतर लगेच अडॅप्टर नाहीसा. मल्टिमीटर सावकाश बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष घसरण याहून खोल असेल असे वाटते.

तांबेतार

तुमचा अंदाज बरोबर आहे. क्षणिक खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही; त्याला ऑसिलोस्कोप लागतो. पण निदानाला एवढा पुरावा पुरेसा आहे.

बोर्डला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा द्या आणि केबल आखूड व जाड घ्या. पोर्टजवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर आहे का तेही पाहा. मानकाने वीज देणाऱ्या पोर्टसाठी किमान १२० मायक्रोफॅरड सांगितले आहेत, परंतु छोट्या बोर्डांवर जागा वाचवण्यासाठी बऱ्याचदा त्याहून कमी ठेवलेले असतात. २२० मायक्रोफॅरडचा, १० व्होल्टचा एक कपॅसिटर, धन-ऋण टोके नीट पाहून, पोर्टच्या पायांना शक्य तितका जवळ जोडला तर असे क्षणिक खड्डे भरून निघतात. बाहेरून वीज घेणारा यूएसबी हबही चालतो, पण पेटीतल्या उपकरणात आणखी एक वस्तू वाढवणे मला पटत नाही.

नवशिका

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझा अडॅप्टर लावला की वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसतो. क्रमांक ०बीडीए:१ए२बी आहे. हा अडॅप्टर खराब आहे का?

शेवटचाबिट

खराब नाही. काही अडॅप्टर दुसऱ्या प्रणालींसाठीचे ड्रायव्हर पोटात घेऊन येतात आणि सुरुवातीला ते सीडी असल्यासारखे पुढे करतात. ती आभासी सीडी 'इजेक्ट' केली की अडॅप्टर बसवरून निघून खऱ्या क्रमांकाने परत येतो. हे प्रत्येक वेळी आपोआप व्हावे यासाठी यूएसबी मोडस्विच हे साधन आहे. नंतर येणारा क्रमांक ०बीडीए:सी८११ असेल तर आतली चिप बहुधा आरटीएल८८२१सीयू असेल. तिच्यासाठी कर्नल ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरमध्ये यूएसबीची सोय आली आहे. कर्नल त्याहून जुना असेल तर आधी तो बदलण्याचा विचार करा. पुढचे प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारलेत तर शोधणाऱ्यांना बरे पडेल.

ओलावा

नवा पुरवठा, अर्ध्या मीटरची जाड केबल आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, असे तिन्ही केले. जोडणीच्या वेळी पोर्टवर आता ४.९ व्होल्टच्या खाली आकडा जात नाही आणि उणे ७१ पुन्हा एकदाही आलेला नाही. डब्ल्यूपीए सप्लिकंट जोडले जाते, राउटरकडून नेटवर्कचा पत्ता मागणारी यूडीएचसीपीसी ही कमांड हाताने चालवली की पत्ता मिळतो, आणि दोन तास सलग माहिती पाठवली तरी खंड पडला नाही.

एकच गोष्ट उरली आहे. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला की पत्ता मिळत नाही. लॉगिन करून पाहिले तर सप्लिकंट जोडलेले असते, सिग्नलही चांगला असतो, पण डब्ल्यूलॅन० ला पत्ता नसतो. तीच कमांड हाताने दिली की लगेच मिळतो. दहा वेळा सुरू करून पाहिले, त्यांत आठ वेळा असे झाले. वायफाय वीज वाचवण्यासाठी झोपत असेल, असे कोठेतरी वाचले. ते बंद करून पाहू का?

कर्नलवाचक

करून पाहिल्याने नुकसान नाही, पण आरटी२८००च्या ड्रायव्हरमध्ये ती सोय मुळातच बंद असते, म्हणून तुमच्यापुरता तो संशय मी बाजूला ठेवीन. दहातून आठ वेळा हा आकडा अधिक बोलका आहे. हमखास होणारा बिघाड पुष्कळदा मांडणीतला असतो. कधी होतो आणि कधी होत नाही असा बिघाड पाहिला की दोन प्रक्रियांमध्ये आधी कोण पोचते याची शर्यत लागली आहे का, हे मी प्रथम पाहतो.

इंटरफेस तुम्ही बिझीबॉक्सच्या इफअप कमांडने चालू करत असाल तर ती यूडीएचसीपीसीला सामान्यतः 'एन' हा पर्याय देऊन चालवते. त्याचा अर्थ, पत्ता मिळाला नाही तर थांबू नकोस, बाहेर पड. यूडीएचसीपीसी मुळात तीन वेळा विचारते आणि दर वेळी तीन सेकंद वाट पाहते, म्हणजे तिच्या हातात जेमतेम नऊ सेकंद असतात. तेवढ्यात फर्मवेअर चिपमध्ये जायचे, सर्व चॅनलवर शोध घ्यायचा, राउटरशी ओळख पटवायची आणि किल्ल्यांची देवाणघेवाण पुरी व्हायची. सुरुवातीला प्रोसेसर इतर कामांत गुंतलेला असतो, त्यामुळे ते नऊ सेकंद अपुरे पडतात. तुम्ही लॉगिन करेपर्यंत सप्लिकंट जोडले गेलेले असते, पण पत्ता मागणारी प्रक्रिया तोवर निघून गेलेली असते.

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये 'वीस सेकंद झोप' असे लिहून हे झाकता येते, आणि अनेक जण तसे करतात. कृपया करू नका. पुढे कधी राउटर दुसऱ्या ठिकाणी हलवला किंवा वीज जाऊन बोर्ड व राउटर एकाच वेळी सुरू झाले, तर राउटरला बोर्डपेक्षा जास्त वेळ लागेल आणि तुमचे वीस सेकंद वाया जातील.

शेवटचाबिट

यावर मी वापरतो तो उपाय असा. पत्ता मागण्याचे काम इफअपकडून काढून घ्यायचे आणि डब्ल्यूपीए सीएलआय ही कमांड 'ए' पर्यायासह पार्श्वभूमीत ठेवायची. त्या पर्यायाला एक स्क्रिप्ट द्यावी लागते. जोडणी झाली की डब्ल्यूपीए सीएलआय ती स्क्रिप्ट इंटरफेसचे नाव आणि 'कनेक्टेड' हा शब्द देऊन चालवते, तुटली की 'डिसकनेक्टेड' देऊन. स्क्रिप्टमध्ये पहिल्या प्रसंगी यूडीएचसीपीसी सुरू करायची, आणि 'बी' हा पर्याय द्यायचा, म्हणजे पत्ता लगेच मिळाला नाही तरी ती मागे राहून विचारत राहते. दुसऱ्या प्रसंगी ती थांबवायची. सप्लिकंटच्या मांडणीत 'कंट्रोल इंटरफेस'ची ओळ असणे आवश्यक आहे, नाहीतर डब्ल्यूपीए सीएलआयला त्याच्याशी बोलताच येत नाही.

नवी जोडणी झाल्यावर आधीची यूडीएचसीपीसी चालू राहिलेली नाही ना, हे स्क्रिप्टमध्ये अवश्य तपासा. माझ्याकडे एकदा अशा अकरा प्रक्रिया साठल्या होत्या आणि त्या सर्व एकाच इंटरफेसचा पत्ता बदलत होत्या.

तांबेतार

राउटर कोणत्या चॅनलवर आहे तेही एकदा पाहून ठेवा. राउटर आपोआप चॅनल निवडत असेल आणि एखाद्या दिवशी १२ किंवा १३ वर गेला, तर बोर्डवर देश चुकीचा मांडलेला असल्यास नेटवर्क दिसेनासे होते. अमेरिकेच्या मांडणीत २.४ गिगाहर्ट्झमध्ये अकरा चॅनलच गृहीत असतात. सप्लिकंटच्या मांडणीत आपल्या देशाचे दोन अक्षरी चिन्ह लिहा किंवा राउटरला १, ६, ११ यांपैकी एका चॅनलवर पक्का करा. पेटी धातूची असेल तर अडॅप्टर आत ठेवू नका; हा अँटेना फारच लहान असतो.

ओलावा

स्क्रिप्ट लिहिली. शेवटचाबिट यांनी सांगितल्याप्रमाणे जुनी प्रक्रिया थांबवून मगच नवी सुरू करते. बोर्ड तीस वेळा बंद-चालू केला आणि तिसाही वेळा पत्ता मिळाला. त्यांतल्या पाच वेळा मी राउटरही बोर्डबरोबरच बंद केला होता. तेव्हा पत्ता मिळायला दीड ते दोन मिनिटे लागली, पण कोणाला हात लावावा लागला नाही. देशाचे चिन्ह मांडले आहे. पेटी प्लास्टिकची आहे, तरीही अडॅप्टर आखूड जोडकेबलने झाकणाजवळ आणला आहे आणि त्या केबलसह पोर्टवरचे व्होल्ट पुन्हा मोजले: ४.८६.

कर्नलवाचक

छान. बिल्डरूटच्या मांडणीत फर्मवेअरचे पॅकेज निवडले आहे ना? हाताने ठेवलेली फाइल पुढच्या बांधणीत नसेल.

ओलावा

निवडले नव्हते. आत्ता निवडले, नवीन प्रतिमा बांधून कार्डावर उतरवली आणि बोर्ड सुरू केला. फाइल जागेवर आहे आणि पहिल्याच प्रयत्नात पत्ता मिळाला.